जावयानं जोडलेला दिवा

तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं. तेरावं उरकलं, पाहुणे एसटीनं, टेम्पोनं जसे आले तसे गेले, आणि त्या संध्याकाळपासनं बोळातला दिवा लागेनासा झाला. मी म्हटलं, बायको गेली तसा हा बी गेला. दोन्ही बल्ब बदलून बघितले. नाही लागला.

आमचं घर भाटघर धरणाच्या पाण्याच्या वरच्या अंगाला, गावाच्या टोकाला. पुढं ओटा, मागं परस, आणि घराच्या कडेनं पुढनं मागं जाणारा एक बोळ. संडास परसात. मागच्या दारानं गेलं तर लगेच, पण तिन्हीसांजेला मागचं दार लावायचं आणि सकाळपर्यंत उघडायचं नाही, ही आमच्यातली रीत. लक्ष्मी पुढनं घरात येते आणि मागचं दार उघडं दिसलं की तशीच निघून जाते म्हणतात. आमच्याकडं ती आली कधी आणि गेली कधी, मला तर दिसली नाही. पण आमची मंडळी दार लावायची म्हणजे लावायची. एकदा कडी घातली की तिथं कुणी हात लावायचा नाही. मग अंधारात कुणाला जायचं झालं तर पुढनं ओटा उतरून, सगळा बोळ चालून, मागं.

बोळात एक बल्ब आणि संडासाच्या दाराशी एक, असे दोन होते. बटण घरात, फळीच्या मागं. ते कधी लावायचं राहायचं, कधी बंद करायचं राहायचं. त्यात हिचे गुडघे गेलेले आणि माझी नजर. जावयानं ते बघितलं. जावई किकवीचा, हायवेवरच्या कंपनीत कामाला. तिथं भिंतीवर डोळा बसवलेला असतो, माणूस हललं की दिवा आपसूक लागतो, असं त्यानं सांगितलं. दिवाळीला येताना तसला एक डोळा घेऊन आला. सेन्सर. गावात कुणी बघितलेला नव्हता. त्यानं तो पुढं ओट्याच्या कोपऱ्यावर बसवला आणि दोन्ही बल्ब त्याला जोडले. ओटा उतरलं की सगळा बोळ उजळायचा. आळीतली माणसं बघायला आली. एकजण तर त्याच्यापुढं उगाच येरझाऱ्या घालत बसला. ही म्हणाली, "तुमच्या पायानं माझं बील वाढतंय, घरी जावा."

पण त्यात एक मेख होती. तो डोळा पुढचंच बघायचा. माणूस मागं गेलं की थोड्या वेळात त्याला वाटायचं कुणी नाही, आणि दिवा बंद. ही आत बसलेली असायची आणि बाहेर मिट्ट अंधार. परत येताना भिंत चाचपत यायची. मला म्हणाली, "तुमचा दिवा मला पोचवायला येतो, आनायला येत न्हाई."

ते लेकीच्या कानावर गेलं. जावई पुढच्या खेपेला दुसरा सेन्सर घेऊन आला. मागं परसात बसवायचा आणि तेच दोन बल्ब त्यालाही जोडायचे, म्हणजे पुढनं कुणी आलं तरी दिवा, मागं कुणी असलं तरी दिवा. आयतवार होता. कोंबडं कापलं होतं. जावई शिडीवर, तोंडात स्क्रू, लेक शिडी धरून, ही चुलीपाशी. मी खाली उभा राहून वायर देत होतो. काम झालं तेव्हा दिवेलागणीची वेळ झाली होती. ही मागचं दार लावत होती, मी पुढं म्हैस बांधत होतो, लेक बोळात. दोन्ही बल्ब लखकन लागले.

"बघा आबा," जावई म्हणाला, "आता कुठनं बी या."

हिनं त्याला टोपी-उपरणं दिलं. मी म्हटलं, दिवा लावला म्हणून आहेर कुणी देतं का. तिनं मला डोळे वटारले. माझं तोंड तिला नेहमीच नडायचं. लेकीच्या लग्नात मांडवातच मी व्याह्याला म्हटलं होतं, तुमच्या वरातीतली निम्मी माणसं पिऊन आलीत. खरंच आली होती. पण ते वाक्य लेकीला सासरी वर्षभर भाजीत घालून वाढलं गेलं. तेव्हापासनं जावई आला की ही माझ्या शेजारी बसायची, आणि मी तोंड उघडलं की माझ्या मांडीला चिमटा.

तो दिवा असा बरीच वर्षं चालला. रोज तिन्हीसांजेला मी पुढं जनावरांचं बघायचो, ती मागं कडी घालायची, दिवा लागायचा. रातीचं तिला जायचं झालं तर मी उठून बोळाच्या तोंडाशी उभा राहायचो. वरच्या रानातनं बिबट्या उतरायचा, कुत्री न्यायचा. मी तंबाखू मळत खाकरत उभा. ती मागनं ओरडायची, "हाय का वं?" मी म्हणायचो, "न्हाई, गेलो." मला जायचं झालं तर तीही उठून ओट्यावर येऊन बसायची. कशाला येतीस म्हटलं तर म्हणायची, झोप नाही. आणि पदरानं वारं घेत बसायची. थंडीत सुद्धा. मी म्हणायचो, येड लागलं काय तुला, माघात कुणी वारं घेतं का. ती म्हणायची, मला उकडतं, तुमचं काय जातंय.

मग ती गेली. छातीत कळ आली म्हणाली, भोरला न्यायला जीप बघेपर्यंत ओट्यावरच गेली. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

दिवा लागेना म्हणून मी वैनीच्या पोराच्या मोबाईलवरनं लेकीला फोन लावला. वैनी म्हणजे माझ्या चुलतभावाची बायको, शेजारचंच घर, तीही विधवा. लेक म्हणाली, आयतवारी येतो. आले दोघं मोटारसायकलवर. संध्याकाळी लेक ओटा झाडत होती, जावई मागं परसात गेला. दिवा लागला.

"आबा, लागतोय की."

"मला लागत न्हाई."

"तुमाला वेगळा आणि आमाला वेगळा लागतो का?" जावई हसला. "लोडशेडिंग असंल तवा."

मी म्हटलं, घरातला पंखा फिरत होता, लोडशेडिंग कसलं. तो म्हणाला, बरं बरं.

ते गेले. दुसऱ्या दिवशी दिवा नाही. मी ओट्यावर उभा राहून हात हलवले, काठी हलवली, त्या डोळ्यापुढं धोतराचा सोगा हलवला. वैनीनं तिच्या दारातनं बघितलं आणि इकडं आली. "काय चाललंय भावजी?" ती ओट्याला वळसा घालून मागं बघून येते म्हणाली, आणि ती परसात पोचली तोच दिवा लागला. "लागला की," ती मागनं ओरडली. ती घरी गेली, दिवा गेला. परत लागला नाही.

आता तुम्हीच सांगा, हे कुणाला सांगायचं. कुणी आलं की लागतो, एकटा असलो की लागत नाही. ज्याला सांगावं तो माझ्या तोंडाकडं बघायचा. आळीतल्या एका म्हातारीनं सांगितलं, दहाव्याला कावळा लई उशिरा शिवला होता, बाईचं काहीतरी मागं राहिलंय. मी म्हटलं, तिचं मागं मीच राहिलोय, आणखी काय राहणार. पण घरी आल्यावर आठवून बघितलं, तिनं काय मागितलं होतं आणि मी दिलं नव्हतं. तशा पुष्कळ गोष्टी निघाल्या. दिवा त्यानं काही लागला नाही.

पावसाळा तोंडावर आला तेव्हा एका संध्याकाळी अंधारात बोळात कपडे धुवायच्या दगडावर आपटलो. कपाळ फुटलं. वैनीच्या पोरानं भोरला नेऊन टाके घालून आणले आणि लेकीला कळवलं. ती लगेच आली. त्या दिवशीही दिवा लागला, लेकीच्या पुढ्यात, छान. ती बराच वेळ त्या दिव्याकडं बघत बसली.

"आबा, दिवा चांगलाय."

"तू हाय म्हनून."

"मी हाय म्हनून दिवा लागतो?"

"व्हय."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आत जाऊन वैनीशी कुजबुजली. मी बहिरा नाही. एकटेच बडबडतात, भिंतीला हातवारे करतात, असं वैनी सांगत होती. वाईट हेतूनं नाही, तिनं बघितलं तेच सांगितलं. लेक बाहेर येऊन म्हणाली, "आबा, आता तुमी हितं एकटं ऱ्हायचं न्हाई. पुढल्या आयतवारी आमी न्यायला येतो. म्हैस वैनीकडं द्या."

मी म्हटलं, मी येत नाही. ती म्हणाली, आई असती तर एवढं नडला असता का? मी म्हटलं, आई असती तर दिवा लागला असता.

लेकीनं तोंडाला पदर लावला. मला तसं म्हणायचं नव्हतं. मी दिव्याचंच बोलत होतो.

किकवीला माझं काय होतं? दोन खोल्यांचं घर, जावयाची आई, हायवेच्या गाड्यांचा आवाज. लेकीच्या घरी सणाला जावं, भाकरी खावी, उठून यावं. तिथं कॉटवर बसून जावयाच्या आईच्या तोंडाकडं बघत दिवस काढायचे, आणि रोज तिनं विचारायचं, आबांना बरं आहे का आज. म्हैस हिच्या हाताला लागलेली, माझ्या हाताला कशीबशी लागली होती. आणि घर बंद केलं की आठ दिवसांत घुशी. मला घरातनं हलायचं नव्हतं. त्याला उपाय एकच, दिवा लागला पाहिजे. मी एकटा असताना लागला पाहिजे.

म्हणून सकाळच्या एसटीनं भोरला गेलो. बाजारपेठेत एक वायरमन भाई आहेत, माझ्याच वयाचे, मुसलमान, आमच्या विहिरीवरची मोटर त्यांनीच पहिल्यापासनं बघितलेली. हिला बहीण मानायचे. तेराव्याला आले होते, पण पंगतीला बसले नाहीत, नुसते ओट्यावर बसून गेले. त्यांना सगळं सांगितलं. मी म्हटलं, भाई, तुम्ही तरी मला खुळ्यात काढू नका. ते म्हणाले, "खुळं तर तुमी पयल्यापासनं हाय. दिवा बघू चला."

दुपारी आले. सेन्सरच्या बुडाला एक बारका खटका असतो, तो फिरवला की दिवसा उजेडीही तो डोळा काम करतो. भाईंनी तो फिरवला. मला म्हणाले, पुढं उभं राहा. दिवा नाही. मग ते मागं गेले. दिवा लागला. मग मला म्हणाले, गोठ्यात जाऊन बसा, हलू नका. ते परसात एकटेच नाचले असतील. दिवा नाही. मग हसत पुढं आले.

"आबा, कुनी जोडलंय हे?"

"जावयानं."

"तरीच." त्यांनी मला शिडीपाशी बोलावलं. "हे बघा. बोर्डातनं करंट आला पुढच्या सेन्सरला. बराबर. आता पुढच्यातनं निघालेली वायर बल्बाला जायला पायजे का न्हाई? ती गेलीया मागच्या सेन्सरला. आनि मागच्यातनं बल्बाला. म्हंजी पुढच्यानं सोडलं तर मागच्याला करंट, आनि मागच्यानं सोडलं तर दिवा. पुढं बी मानूस पायजे, मागं बी पायजे."

"मी एकटाच पुढनं मागं गेलो तर?"

"तुमी काठी टेकत मागं पोचंस्तोवर पुढचा झोपलेला असतो." त्यांनी हातातली पक्कड झटकली. "तुमचा दिवा म्हंजी नवरा-बायकोचं ब्यांकेतलं खातं झालं आबा. दोघांची सही लागती."

बोलून गेले आणि जीभ चावली. शिडीवरनं खाली उतरून बिडी पेटवली. मला आधी बरं वाटलं, खरं सांगतो. मी खुळा नव्हतो. जावयाची चूक होती. मनात म्हटलं, आयतवारी त्याला असा घेतो, त्याच्या कंपनीसकट.

वैनी चहा घेऊन आली होती. भाईंचं सगळं बोलणं तिनं ऐकलं होतं. कप ठेवत म्हणाली, "ते तर तिला ठावं होतं."

"कुनाला?"

"तुमच्या मंडळीला. तुमी लग्नाकार्याला, देवाला परगावी जायचा तवा ती ब्याटरी घेऊन मागं जायची. म्या इचारलं, दिवा हाय ना? म्हनली, वैनी, त्यो एकटीला लागत न्हाई. म्या म्हनलं, मग जावयाला सांग. म्हनली, नगं, लेकीला त्या घरात नांदायचंय. म्या म्हनलं, निदान भावजींना तरी. तर म्हनली, ह्यांना तर मुळीच नगं. हे त्याच्या तोंडावर बोलतील."

"मग मला तू इतके दिवस का सांगितलं न्हाईस?"

"म्या इसरून गेले व्हते. आता भाई बोलले तवा ध्यानात आलं. आनि मला वाटलं ती थट्टा करती."

मी कप खाली ठेवला. ती ओट्यावर का यायची ते मला तेव्हा कळलं. माझ्या पाठीमागं येऊन, झोप नाही म्हणून सांगून, माघाच्या थंडीत पदर हलवत का बसायची ते. पदर हलला नाही तर पुढचा डोळा झोपला असता आणि मी मागं अंधारात राहिलो असतो. इतकी वर्षं. आणि मी तिला येडी म्हणायचो.

भाईंनी विचारलं, नीट जोडून देऊ का. मी म्हटलं, कराच. त्यांनी बोर्डातनं मागच्या सेन्सरला वेगळी वायर ओढली, मधली तोडली, आणि दोन्हींच्या वायरी बल्बापाशी एक केल्या. फार वेळ लागला नाही. आता पुढचा बघू दे नाहीतर मागचा, दिवा लागणार. जाताना म्हणाले, "जावयाला काय सांगनार?"

मी म्हटलं, बघू.

आयतवारी दोघं आले. लेकीनं माझ्यासाठी मोकळी पिशवी आणली होती, कपडे भरायला. मी म्हटलं, आधी अंधार पडू दे. तिला म्हटलं, तुम्ही दोघं तिकडं रस्त्यावर उभे राहा आणि हलू नका. वैनीला म्हटलं, तू तुझ्या घरात बस. मी एकटा ओटा उतरलो. दिवा लागला. काठी टेकत मागं गेलो, तिथं मुद्दाम थांबलो. दिवा होता. परत आलो. दिवा होता.

जावई रस्त्यावरनं आत आला. "बघा, आबा! मी काय म्हनत होतो? वस्तूत काय नसतं, आपल्या मनात असतं. आई गेल्या त्याचा धक्का हाय हा. कंपनीचा माल असा बिघडत न्हाई."

माझ्या दाढेपर्यंत आलं होतं. सगळं, वायरीसकट. वैनी खिडकीतनं बघत होती. मांडीला चिमटा घेणारं कुणी शेजारी नव्हतं.

"व्हय," मी म्हटलं. "मनातलंच असंल."

लेकीनं चटकन माझ्याकडं बघितलं. मी असा कबूल होणारा माणूस नाही, हे तिला जन्मापासनं माहीत. तिला वाटलं असणार, आबा आता खरंच गेले. तिचा चेहरा तसाच झाला. मग ती बोळातनं मागं गेली. परत यायला तिला जरा वेळ लागला. मागच्या सेन्सरपाशी नवी पांढरी वायर होती आणि जुनी काळी तोडून तिच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळलेली होती. शिडी तिनंच धरली होती, त्यामुळं कोणती वायर कुठनं गेली ते तिला माझ्याहून चांगलं आठवत असणार.

ती आली ती माझ्याजवळ, आणि हळू आवाजात म्हणाली, "आबा, भाईंना चहा तरी दिला का?"

"वैनीनं दिला."

"कोन भाई?" जावई म्हणाला.

"कुनी न्हाई वो. चला, उशीर व्हतोय." तिनं मोकळी पिशवी घडी करून काखेत मारली. "आबांना ऱ्हाऊ द्या हितंच. बरं हाय त्यांना."

"पन आत्ता तर तू..."

"म्हनलं ना, बरं हाय."

तो गाडी काढायला गेला. ती वाकून पाया पडली आणि जाताना मागं वळून बघितलं नाही. किकवीला पोचेपर्यंत गाडीवर त्यानं तिला पुन्हा विचारलं असेल. तिनं काय सांगितलं ते मी आजवर विचारलेलं नाही.

मी राहिलो. दिवा एकट्याला लागतो, कुत्रं आलं तरी लागतो. भाकरी माझी मीच थापतो, कडेला कच्ची राहते. जावई अजूनही आला की त्या सेन्सरचं कौतुक सांगतो, आणि मी मान हलवतो. त्या आयतवारी ते गेल्यावर मला वाटलं होतं की हे घरात जाऊन कुणाला तरी सांगावं, की बघ, आज मी गप्प बसलो. ऐकून ही म्हणाली असती, तुमी आनि गप? खोटं बोलू नका. आणि मग रागानं मी सगळी हकीगत पहिल्यापासनं सांगितली असती. आत गेलो. चूल विझलेली होती. सदरा काढून खुंटीला लावला आणि भाकरीचं पीठ घेतलं.